एक पौंड अजून

गाडी बिघडली म्हणून गॅरेजमध्ये आलेल्या माणसाचा मला कधी राग आला नाही. बिघडलेली गाडी दुरुस्त होते. माझं रक्त आटवलं ते चांगल्या गाड्या घेऊन येणाऱ्यांनी. इंजिन ठणठणीत, आवाज मोकळा, आणि तरी मालक बोनेटवर हात ठेवून लाडात म्हणणार, "मिस्त्री, थोडं पिकअप वाढवून द्या ना जी."

हे ‘थोडं’ म्हणजे किती, ते एकालाही सांगता आलं नाही. पानवाल्याला थोडा चुना सांगावा तसे सांगायचे. मी आपलं समजावत बसायचो की बाबा, इंजिनाला सोसेल तेवढंच देता येतं. तो मान हलवायचा, चहा प्यायचा आणि जाताना पुन्हा म्हणायचा, "पण थोडं तं होईलच ना?"

वरठीहून भंडाऱ्याकडे येणाऱ्या रस्त्यावर माझं गॅरेज होतं. सकाळ-संध्याकाळ रेल्वे स्टेशनावर जाणाऱ्या-येणाऱ्या लोकांच्या मोटरसायकली, मधल्या वेळात जीप आणि अँबेसिडर. सत्तरच्या दशकात आमच्याकडे पंपावर जे साधं पेट्रोल मिळायचं त्याला फार दाब सोसत नसे. भारी पेट्रोल नागपूरला मिळायचं, पण तेवढ्यासाठी नागपूरला कोण जाणार? दाब सोसत नसे म्हणजे काय, ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं वाया जाईल. इंजिनात हवा आणि पेट्रोल दाबून ठेवलेलं असतं. प्लगची ठिणगी पडली की ते एका बाजूने पेटत जावं, अशी अपेक्षा असते. दाब किंवा उष्णता जास्त झाली की साध्या पेट्रोलचा धीर सुटतो. आग पोहोचायच्या आधीच उरलेलं सगळं एकदम फुटतं. बाहेर ऐकू येतं ते एवढंच की पत्र्याच्या डब्यात कोणी खडे हलवतंय. हे खडे ऐकूनही जो ॲक्सिलरेटर सोडत नाही, त्याचा पिस्टन मेणासारखा वितळतो. याला आम्ही नॉकिंग म्हणतो, आणि त्याच्यावर औषध म्हणजे दाब कमी करणं. पण ते कडू औषध कोणालाच नको असे.

करडी गावचे एक हेडमास्तर होते. त्यांना कोणीतरी सांगितलं की कपड्यांत ठेवतात त्या डांबरगोळ्या टाकीत टाकल्या की साधं पेट्रोल भारी होतं. त्यांनी मूठभर टाकल्या. मोटरसायकल ढकलत आणली तेव्हा कार्बोरेटरमध्ये पांढरे खडे साचले होते आणि सगळ्या गॅरेजला कपाटाचा वास सुटला होता.

"मास्तर, टाकीत धोतर ठेवलं होतं काय?" मी विचारलं.

मास्तर खजील झाले. मी सगळं खोलून, धुऊन दिलं. महिना गेला नाही तोच पुन्हा गाडी ढकलत हजर. या वेळी कापूर टाकला होता. "मिस्त्री, कापूर तं शुद्ध राह्यते ना!" असं त्यांनी मलाच विचारलं. या माणसाने जिल्ह्यातली निम्मी मुलं शिकवली होती. मी कपाळावर हात मारून घेतला आणि पुन्हा पाना हातात घेतला.

पण मास्तर परवडले म्हणायची पाळी आणली ती सानगडीच्या नत्थूजींनी.

नत्थूजी शेतकऱ्याचंच पोर, पण हिकमती. स्वतःच्या हिमतीवर सानगडीत धानाची मिल टाकली आणि चालवून दाखवली. लांबलचक शाफ्ट, त्यावर लहान-मोठ्या पुल्या, पुल्यांवरून धावणारे पट्टे आणि टोकाला तांदूळ सडणारे हलर. पट्टा पुलीवरून घसरू नये म्हणून मिलवाले त्याला राळ घासतात. नत्थूजींच्या बंडीच्या खिशात राळेचा खडा कायम असायचा. बोलता बोलता ते मिलमधून फिरायचे आणि दिसेल त्या पट्ट्याला खडा लावत जायचे. त्यांच्याशी हात मिळवला की आपली बोटं एकमेकांना चिकटायची. लग्नाच्या पंगतीतही हा माणूस चिकट हातानेच नमस्कार करत फिरला असेल, अशी माझी खात्री आहे.

मिलच्या मशिनीसाठी ते कलकत्त्याला जायचे. एका खेपेला तिथून मशिनीऐवजी अँबेसिडरच घेऊन आले. कोणा शर्यतीवाल्याची गाडी होती. बोनेट उघडलं तर इंजिनाच्या बाजूला रांजणाएवढं एक धूड बसवलेलं. मी त्याचं चित्रच पाहिलं होतं, वस्तू पहिल्यांदा पाहिली. ब्लोअर. काही लोक सुपरचार्जर म्हणतात. साधं इंजिन स्वतः श्वास घेतं, ब्लोअर त्याच्या नाकातोंडात हवा कोंबतो. जितकी जास्त हवा, तितकं जास्त पेट्रोल, तितकी जास्त ताकद. ब्लोअर इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. त्याची पुली लहान केली की तो जोरात फिरतो आणि दाब वाढतो, मोठी केली की कमी होतो. कोंबलेल्या हवेचा दाब दाखवायला डॅशबोर्डवर एक मीटर होतं, पौंडांत.

"कलकत्त्याले दहा पौंड दाखवत होता काटा," नत्थूजी अभिमानाने म्हणाले. "अन इथं मुक्कामाले आली तं खडखड करून राहिली. काय झालं पाय जरा."

काय झालं ते उघड होतं. शर्यतवाले विमानाचं पेट्रोल वापरायचे. ते दहा पौंड सोसतं. आमच्या पंपावरच्या पेट्रोलवर दहा पौंड म्हणजे इंजिनाचा खूनच. मी म्हटलं, "नत्थूजी, हा ब्लोअर काढून टाकू. साधी अँबेसिडर तुमाले कमी पडते काय?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या शंकरपटाच्या शर्यतीतल्या बैलाला नांगराला जुंपायला सांगितलं.

मग मी दाब ठरवायला बसलो. भंडाऱ्याच्या पितळवाल्याकडून मोठी पुली ओतून घेतली, खराद्याकडून लेथवर कातून नीट करून घेतली. गाडीत मागे तांदळाची पोती टाकली, मे महिन्याचं भर दुपारचं ऊन निवडलं आणि साकोलीच्या अलीकडचा मोहघाट्याचा चढ टॉप गिअरमध्ये चढवायला लावला. गाडी चालवायला नत्थूजींचा ड्रायव्हर यशवंत. मी बाजूला कान लावून बसलेला. खडखड ऐकू आली की थांबायचं, प्लग काढायचे. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर काळे ठिपके आणि त्यात चमचमणारे कण दिसले तर समजायचं की पिस्टन झिजायला लागला. मग पुली आणखी मोठी. असं करत करत मी चार पौंडांवर आलो. थंड सकाळी ती गाडी सहा पौंडसुद्धा पचवेल, हे मला ठाऊक होतं. पण दाब चांगल्या दिवसासाठी ठरवायचा नसतो. ऊन तापलेलं, पेट्रोल निकृष्ट, गाडी भरलेली आणि समोर चढ, अशा दिवसासाठी ठरवायचा असतो.

यशवंतबद्दल सांगायला हवं. शांत माणूस, लाखनीजवळच्या खेड्यातला. त्याच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती. घरात पहिला पगारदार हाच. गाडीचा आवाज त्याला माझ्याइतकाच कळायचा. पहिल्या दिवशीच त्याने ठरवलं की खडखड आली की आपण पाय उचलायचा, मागून मालक काहीही ओरडोत. मी मनात म्हटलं, या गाडीला आता माझी गरज नाही.

नत्थूजींना मात्र चार पौंड म्हणजे अपमान वाटला. मी त्यांच्याच भाषेत समजावलं. "हलरचा दाब तुमी कसा ठरवता?"

"धान पाहून," ते म्हणाले. "दाणा दाताखाली धरतो. ओलं असलं तं दाब कमी. नाही तं तुटते, कणी होते."

"बस. आपलं पेट्रोल ओलं धान आहे. दाब वाढवला का कणी."

ते खूश झाले. मांडीवर थाप मारली. "आता कसं समजलं! हे आधी काहून नाही सांगतलं?" माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. मी चहाचा कप तोंडाला लावला. नत्थूजी पुढे सरकले आणि हळूच म्हणाले, "पण मिस्त्री, एक पौंड अजून?"

कलकत्त्याहून गाडीवर आलेली लहान लोखंडी पुली मी मागितली. दिली नाही. "माह्या गाडीची वस्तू आहे, माह्यापाशी राहीन," म्हणाले आणि मिलमध्ये लक्ष्मीच्या तसबिरीखाली खिळ्याला टांगून ठेवली. तिला रोज उदबत्ती ओवाळली जायची. मी सानगडीला जायचो तेव्हा तिच्याकडे पाहूनच माझं डोकं दुखायचं.

दोन वर्षं निभलं. मग तुमसरच्या त्यांच्या व्याह्यांनी नवी कोरी फियाट घेतली. लाखनीजवळच्या रस्त्यावर त्यांनी नत्थूजींची अँबेसिडर मागे टाकली आणि टाकताना हॉर्न वाजवला. मागे टाकलं ते नत्थूजी विसरले असते. हॉर्न विसरले नाहीत.

त्याच वर्षी दसऱ्यानंतर दोन दिवसांनी मिलचा ट्रक माझ्या दारात थांबला. ट्रकवाल्याने निरोप दिला, "नत्थूजींनी बलावलं. गाडी मोहघाट्यात बसली. यशवंतानं टाकीत घासलेट टाकलं म्हणतेत." मी पाने घेतले आणि ट्रकमध्ये बसलो.

मिलच्या अंगणात अँबेसिडर उभी होती, बैलजोडीने ओढून आणलेली. यशवंत फाटकाजवळ दगडावर बसला होता. तुमसरहून नत्थूजींच्या मुलीला दिवाळीसाठी आणायला तो निघाला होता. मोहघाट्याच्या चढावर इंजिनातून निळा धूर आला आणि गाडी बंद पडली. मिलमध्ये परत आल्यावर नत्थूजींनी सगळ्या हमालांसमोर त्याला पेट्रोलचोर म्हटलं होतं. पेट्रोल विकलं आणि त्याच्या जागी घासलेट भरलं, असा आरोप. ड्रायव्हरवर हा आरोप करायला आपल्याकडे काहीच लागत नाही.

"जाय घरी म्हणते मले," यशवंत म्हणाला. "म्या म्हटलं, मिस्त्री येतपर्यंत मी उठणार नाही. नौकरी गेली तं दुसरी पाहीन जी. पण चोर म्हणून गेलो तं दुसरी कोण देईन? अन बाबाले काय सांगू?"

मी नत्थूजींना भेटलो. त्यांनी माझ्यासमोर घासलेटाचा सिद्धांत मांडला. मांडताना त्यांना जराही शंका नव्हती, हे मला आजही पटतं. मी टाकीतलं पेट्रोल कागदावर टाकलं. घासलेट असतं तर पेट्रोल उडून गेल्यावर तेलकट डाग राहिला असता. कागद वाळला, डाग नाही. वासही साफ. हेड खोललं तर एका पिस्टनच्या डोक्याला भोक पडलेलं. प्लगवर ते चमचमणारे कण. म्हणजे नॉकिंग, आणि तेही भयंकर. पण चार पौंडांवर, साफ पेट्रोलवर, एकट्या ड्रायव्हरच्या हाती? मी बोनेटवर ओणवा होऊन उभा राहिलो आणि आधारासाठी हात ब्लोअरच्या पट्ट्यावर ठेवला.

हात चिकटला.

मी बोटं नाकाशी नेली. राळ. पट्ट्यावर सगळीकडे राळ, आणि तिच्यावर मिलमधला कोंडा बसलेला. मोटारीच्या पट्ट्याला राळ कोणी लावत नाही. मी लावत नाही, यशवंत लावत नाही, जगात कोणी मेकॅनिक लावत नाही. ती मिलच्या पट्ट्याला लावतात. मी मिलमध्ये गेलो आणि लक्ष्मीच्या तसबिरीखाली पाहिलं. लोखंडी पुली खिळ्यावर होती, पण तिच्या खाचेत पट्ट्याचं काळं रबर घासलेलं होतं, दोन-तीन दिवसांतलं ताजं.

"नत्थूजी," मी म्हटलं, "दसऱ्याले यशवंत कुठं होता?"

"नागपूरले. दीक्षाभूमीवर. दरसाल जाते."

"मग गाडी कोणी चालवली?"

"मी. व्याह्याकडं सोनं द्याले गेलो होतो. तो बी रस्त्यानं फियाट घेऊन घरीच चालला होता." एवढं बोलून त्यांचा चेहरा खुलला. "लाखनीपासून जो मागं टाकला त्याले! हॉर्न बी वाजवला. काटा नवावर होता, मिस्त्री!"

राग येऊ नये म्हणून मी मनात काहीतरी मोजायला घेतलं आणि तेही विसरलो. "अन पट्टा घसरत होता म्हणून राळ लावली," मी म्हणालो.

"लहान पुलीवर पकडत नोता ना. राळ लावली का बसला." मग माझं तोंड पाहून ते घाईने म्हणाले, "पण घरी आल्याबरोबर म्या तुही पितळी पुली परत लावली! आपल्या हातानं लावली! गाडी घरी आली तवा चांगली होती. मंग लहान पुलीचा काय संबंध?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा माणूस खोटं बोलत नव्हता. आयुष्यभर त्याने मिल चालवली होती. मिलमध्ये चुकीची पुली लागली तर त्या दिवसाचा तांदूळ तुटतो. बरोबर पुली लावली की दुसऱ्या दिवशी तांदूळ सरळ. झालेल्या चुकीची कणी पोत्यात भरून कोंबडीवाल्याला विकली की विषय संपला. इंजिनही असंच असेल, असं त्याने धरलं होतं.

"नत्थूजी, तुमी तुमसरले जातानाच पिस्टन तोडला. तुटका पिस्टन घेऊन घरी आले. यशवंताच्या हातात तो निस्ता खाली पडला." मी त्यांचा हात धरला आणि ब्लोअरच्या पट्ट्यावर ठेवला. "ही राळ कोणाच्या खिशातली आहे, तुमीच सांगा."

त्यांनी हात काढला. बोटांकडे पाहिलं. मग अंगणातून फाटकापर्यंत गेले आणि यशवंतसमोर उभे राहिले. मिलच्या इंजिनाच्या आणि हलरच्या आवाजात खरं तर ओरडायलाच हवं होतं, पण ते हळूच बोलले. म्हणून मला ऐकायला जवळ जावं लागलं.

"चाल, उठ. झालं ते झालं. घे चावी."

यशवंत उठला. चावी घेतली नाही.

"मालक," तो म्हणाला, "तुमी पुली परत लावली, तं पिस्टन जुडला काय?"

नत्थूजींनी चावी धरलेला हात खाली घेतला.

"हे बी तसंच आहे जी. मले चोर म्हणाले तवा सारी मिल आयकत होती. आता मले एकट्याले सांगून राहिले."

नत्थूजींनी आयुष्यात कोणासमोर मान खाली घातल्याचं मी ऐकलं नव्हतं, आणि तेही नोकरासमोर, तेही हमालांदेखत. मला वाटलं, आता हा माणूस फाटकाबाहेर बोट दाखवणार. त्यांनी बोट दाखवलं खरं, पण मिलकडे. "पट्टा उतरवा रे!" ते ओरडले.

हंगामात मिल थांबत नाही. पट्टा उतरला, शाफ्ट सावकाश फिरत थांबला आणि सानगडीवर अशी शांतता पसरली की रस्त्यावरची माणसंही फाटकाशी आली. पांढऱ्या कोंड्याने माखलेले हमाल अंगणात गोळा झाले. नत्थूजींनी धोतराला हात पुसले. राळ निघाली नाही.

"पुली म्या बदलवली होती," ते म्हणाले. "गाडी म्या फोडली. यशवंतानं घासलेट टाकलं नाही. म्या त्याले चोर म्हटलं, ते चुकीचं म्हटलं." मग, आणि हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, ते यशवंतकडे वळून म्हणाले, "बोनेटले कुलूप लाव, अन त्याची चावी तुह्यापाशी ठेव. माह्याजवळ देऊ नोको. मले माह्यावर भरोसा नाही."

यशवंतने दोन्ही हात जोडले. मग गाडीची चावी घेतली. त्याचे डोळे भरले होते. माझेही भरले असावेत, पण मिलमध्ये कोंडा फार असतो.

मी नवा पिस्टन टाकला. पितळी पुली, नवा पट्टा, चार पौंड. यशवंतने बोनेटला कडी बसवून पितळी कुलूप लावलं आणि चावी करदोड्याला बांधली. पुढे मी गॅरेज बंद करेपर्यंत ती गाडी चालली, एकदाही खडे वाजले नाहीत. व्याह्यांनी आणखी कितीदा हॉर्न वाजवला, ते मी विचारलं नाही.

नत्थूजी सुधारले, असं मात्र कोणी समजू नये. गाडी सर्व्हिसिंगला माझ्याकडे आली की सोबत तेही येत. यशवंत कुलूप काढून बोनेट उघडायचा, पण आधी मालकाला एक अट घालायचा. जिल्ह्यातला एवढा मोठा मिलवाला, भर रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये, स्वतःच्या गाडीपुढे दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहायचा. ब्लोअरकडे बघत राहायचा. मग मान तशीच ठेवून यशवंतला विचारायचा, "काय रे, एक पौंड अजून?"

"नाही जी," यशवंत म्हणायचा आणि बोनेट लावायचा.